तुमच्या होडीला पाडलेली अठ्ठावीस भोकं

अब्बा, तुमच्या होडीला मी अठ्ठावीस भोकं पाडली. चौदा डावीकडे, चौदा उजवीकडे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे काय रागवायचं ते रागावून घ्या आणि मग पुढचं ऐका. तुम्ही असता तर हातातला रंधा खाली ठेवला असता, चष्मा कपाळावर चढवला असता आणि विचारलं असतं, "कुणाला विचारून?" कुणालाही नाही. होडी आता माझी आहे. कर्नलसाहेब गेले, त्यांची मुलगी परदेशातून आठ दिवसांसाठी आली, आणि खडकवासल्याच्या काठावरच्या आपल्या क्लबात तिने विचारलं की वडिलांच्या लाकडी होडीचं काय करू. सेक्रेटरी म्हणाले, "फायबरच्या जमान्यात हिचं काय होणार मॅडम? थंडीत शेकोटीला बरी पडेल." बोलणं अस्सल पुणेरी, त्यामुळे हा विनोद होता की सल्ला, ते कळायला मार्ग नव्हता. मी तिथेच उभी होते. म्हटलं, मला द्या. ती म्हणाली, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "हिच्या मिस्त्रींची मुलगी." तिने होडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "मग तुमचीच आहे की." याला आता चार वर्षं झाली. तुम्हाला जाऊन अठरा झाली.

भोकं कशासाठी पाडली ते तुम्हाला दोन शब्दांत कळलं असतं, पण मी सविस्तर लिहिणार आहे. तुम्ही मला एकेक गोष्ट चार-चारदा समजावायचात, आता माझी पाळी. होडीचं पुढचं लहान शीड, जिब, त्याला दोन दोऱ्या असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. शिडाचे लोक त्या दोरीला शीट म्हणतात, का ते त्यांनाच विचारा. ही दोरी डेकवरच्या एका छोट्या गाडीतल्या कप्पीतून जाते, आणि ती गाडी ज्या धातूच्या पट्टीवर पुढे-मागे सरकते तो ट्रॅक. गाडी पुढे घेतली की दोरी शिडाला खाली खेचते, मागे घेतली की मागे खेचते. शिडाचं पोट किती फुगणार आणि वरच्या टोकातून जादा वारा निसटणार की नाही, हे सगळं त्या वीतभर सरकण्यावर. तुम्ही बसवलेल्या पट्टीला ओळीने भोकं होती आणि गाडीला खिळी. खिळी उपसायची, गाडी सरकवायची, पुढच्या भोकात सोडायची. दोरी ताणलेली असताना ती खिळी उपसायला दोन हात, एक गुडघा आणि बऱ्याच शिव्या लागतात. नव्या ट्रॅकवरच्या गाडीत सायकलच्या चाकात असतात तसे छर्रे आहेत. सुकाणूपाशी बसल्या जागेवरून बारीक दोरी ओढली की ती ताणाखालीही लोण्यातून सुरी जावी तशी सरकते. जगात असे ट्रॅक केव्हाचे आलेत. आपल्या होडीला आले नव्हते, कारण त्यासाठी डेकला नवी भोकं पाडावी लागतात, आणि भोकं पाडायला तुम्ही मला कायमची बंदी केली होती.

तो रविवार तुम्हाला आठवत असणार. मी एकोणीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, ड्रॉइंगमध्ये वर्गात पहिली, आणि ते कपाळावर लिहून फिरणारी. टिंबर मार्केटमागच्या आपल्या खोलीतून आपण सकाळी निघतो, स्वारगेटहून बस धरतो, तुमच्या मांडीवर हत्यारांची पेटी आणि माझ्या मांडीवर डबा. शेडमध्ये कर्नलसाहेबांची होडी ठोकळ्यांवर उभी आहे, डेक तुम्ही नुकतंच नवं केलेलं, वार्निश अजून बोटाला किंचित चिकटतंय. ट्रॅकची जागा तुम्ही आदल्या रविवारीच ठरवली होती. वारा नसलेल्या सकाळी जमिनीवरच्या होडीला तुम्ही शीड चढवायला लावलंत, शिडाच्या पुढच्या कडेच्या मध्यावर सुतळीचं एक टोक धरायला मला शिडीवर चढवलंत, आणि सुतळी शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावरून सरळ ताणत डेकपर्यंत आणलीत. जिथे टेकली तिथे खडूची खूण. मी विचारलं, "हे कुठून शिकलात?" म्हणालात, "दोरी कुठे ओढायला बघते ते दोरीलाच विचारायचं." आणि हा माणूस उभ्या आयुष्यात एकदाही शिडाच्या होडीत बसलेला नव्हता. पोहताही येत नव्हतं. कुणी बसा म्हटलंही नव्हतं.

उजवी बाजू तुम्ही सकाळीच पुरी केली. सात भोकं, पण सारख्या अंतरावर नाहीत, कारण डेकखाली आडव्या तुळ्या आहेत आणि प्रत्येक बोल्टला त्यांच्या मधली मोकळी जागा हवी. त्या भोकांवरून तुम्ही प्लायच्या तुकड्याची एक फळी केली, तीच सात भोकं असलेली, आणि तिची एक कड डेकच्या बाहेरच्या गोलाईशी जुळवून घासली. डाव्या बाजूला तीच फळी वापरायची होती. दुपारच्या नमाजाला तुम्ही शेडमागे गेलात. मला वाटलं, येईपर्यंत आपण करून ठेवू, अब्बा खूश होतील. फळी उचलली, डावीकडे आणली. तिची गोल कड बाहेर यायला हवी म्हणून फिरवली. बसली. काय सुंदर बसली म्हणून सांगू! मग गिरमिट घेतलं आणि घामाने निथळत सातही भोकं आरपार पाडली. फळी उलटायची होती, अब्बा, तव्यावर भाकरी उलटतात तशी. मी ती ताट फिरवावं तशी फिरवली. पुढचं मागे गेलं आणि मागचं पुढे. डावं-उजवं म्हणजे चपलांचा जोड, हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि वर्गात पहिल्या आलेल्या बाईसाहेबांना नाही कळलं.

तुम्ही आलात. डोक्यावर टोपी अजून तशीच होती. वाकून एकेका भोकावर बोट ठेवलंत, सातही भोकांवर, आणि म्हणालात, "डबा खाऊन घे." मी तो डबा कसा खाल्ला ते मलाच माहीत. चार वाजता कर्नलसाहेब आले. इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी, हातात टोपी. त्यांनी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे.

"मिस्त्री, हे काय?"

"हात घसरला, साहेब."

"सात वेळा?"

"सात वेळा, साहेब."

कर्नलसाहेब म्हणाले, "डोळे तपासून घ्या." तुम्ही म्हणालात, "घेतो." मी गिरमिट पाठीमागे धरून उभी होते. मी केलं, एवढे दोन शब्द. नाही निघाले.

संध्याकाळी घरी अम्मी स्टोव्हपाशी चपात्या लाटत होती. आपण घरात आपली दखनी बोलायचो, पण रागावताना तुम्ही मराठीवर यायचात. कामाची भाषा ती. चपातीचा तुकडा मोडता मोडता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुझा हात भोकाचा नाही. कागदाचा आहे. कागदावर राहा." आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं, मी पण भांडले असते. पुढच्या रविवारी तुम्ही एकटेच गेलात. त्याच्या पुढच्याही. त्यानंतर नऊ वर्षं होतात तुम्ही, आणि त्या नऊ वर्षांत माझ्या हातात ना गिरमिट दिलंत ना पटाशी. अभ्यास कर, म्हणायचात. मी केला.

तुमचं ऐकून मी कागदावरच राहिले म्हणायचं. कागदावरून स्क्रीनवर गेले, एवढाच फरक. आधी हिंजवडी, सकाळी सव्वासातची कंपनीची बस आणि पुलाखालचा तासभराचा ट्रॅफिक, आता खराडी. पहिला लॅपटॉप मिळाला तेव्हा तुम्ही त्याच्याखाली ठेवायला सागवानी तिरपा स्टँड करून दिलात. ऑफिसात सगळे हात फिरवून बघायचे. त्यात एकही स्क्रू नव्हता, सगळे सांधे खाचेत खाच बसवलेले. लोक म्हणायचे, काय कारागिरी आहे! आणि मी मनात म्हणायचे, बघा, भोकच नाही ठेवलं, मुद्दाम. असं ते वाक्य माझ्या अंगात मुरलं होतं. विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये घड्याळ टांगायचं तरी मी इलेक्ट्रिशियनला बोलावते. तीस माणसांची टीम सांभाळणारी बाई, आणि भिंतीत खिळा ठोकायला माणूस लागतो. अम्मी हसते. तुमची हत्यारांची पेटी मी दिवाणाखालून हलू देत नाही म्हणून टोमणा मारते, "बाप गया, पर घर से लकडी नहीं गयी."

तुम्ही गेल्यावर पाच वर्षांनी मी त्याच क्लबात शीड शिकायला नाव घातलं. का, ते नीट सांगता येणार नाही. तुम्ही ज्यात कधी बसला नाहीत त्यात बसून बघावं, एवढंच असेल. पहिल्या दिवशी शिडात वारा भरला आणि होडी एकदम जिवंत झाली तेव्हा मी रडले. कुणाला कळलं नाही, तोंडावर पाणी उडतच असतं. मग कर्नलसाहेबांची होडी माझी झाली आणि तिच्या खोड्या कळायला लागल्या. शिडाच्या पुढच्या कडेशी खाली, मध्ये आणि वर अशा लोकरीच्या तीन दशा चिकटवतात. होडी वाऱ्याकडे हळूहळू वळवत न्यायची. तिन्ही दशा एकदम फडफडल्या तर गाडी बरोबर जागी आहे. खालची आधी फडफडली तर गाडी फार पुढे आहे, मागे घ्या. आपल्या होडीत कायम खालची आधी. गाडी शेवटच्या भोकापर्यंत मागे नेली तरी खालचीच आधी, त्याच्या मागे पट्टीच संपलेली. वारा वाढला की जादा वारा वरून निसटायला वाटच नाही, होडी कुशीवर आडवी पडते, आणि फायबरच्या होड्या टाटा करत पुढे जातात. क्लबात तिला म्हातारी म्हणतात. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा तुमच्याबद्दल मनात म्हटलं की अब्बा कधी वाऱ्यात बसले नाहीत, ट्रॅक पुढे पडला, त्यांना तरी कुठून कळणार. चार वर्षं असं म्हटलं. लोकांसमोर मात्र कुणी डेकची, सांध्यांची, कशाचीही तारीफ केली की, "माझ्या वडिलांचं काम." तो माझा पाठच झाला होता.

या हिवाळ्यात शेवटी ठरवलं की ट्रॅक बदलायचे. होडी शेडमध्ये घेतली, पुन्हा ठोकळ्यांवर, जवळजवळ त्याच जागी. आधी डावी पट्टी काढली. तिच्या खाली आणि मागे सात बुजवलेली भोकं दिसणार हे माहीतच होतं, ती माझी. दिसली. तुम्ही सागवानी खुंट्या ठोकून, तासून, रंगवून अशी बुजवली होतीत की माहीत नसलेल्याला सापडली नसती. मग उजवी पट्टी काढली आणि रंग खरवडला, आणि तिथेही सात खुंट्या. मी खरवडायची थांबले. उजवीकडे कशाला? उजवीकडे तर तुमची सकाळची भोकं, बरोबर, हिशोबाने पाडलेली. मी खुंट्यांपासून वापरातल्या भोकांपर्यंत बोटं टेकवली. तीन बोटं. मग शीड चढवलं, शिडीवर चढून सुतळीचं टोक बांधलं, सुतळी तुम्ही ताणायचात तशी ताणून डेकला टेकवली. ती त्या बुजवलेल्या खुंट्यांच्या बरोबर मध्ये येऊन टेकली. तिथेच, अब्बा, मी शेडच्या फरशीवर बसले.

म्हणजे तुमची जागा पहिल्यापासून बरोबर होती. एकदाही शिडात न बसता, सुतळीने, बरोबर. मी डावीकडे पाडलेली भोकं खऱ्या जागेला इतकी चिकटून होती की तिथे पुन्हा भोक घेतलं असतं तर लाकूड फाटलं असतं. कोरं लाकूड मिळेपर्यंत डावी पट्टी तीन बोटं पुढे सरकवण्यावाचून इलाज नव्हता. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. पण मग होडी एका कुशीवर एक बोलली असती आणि दुसऱ्या कुशीवर दुसरं, आणि सुकाणू धरणाऱ्या माणसाला जन्मभर कळलं नसतं की हिचं बिनसतं कुठे. म्हणून तुम्ही तुमच्या स्वतःच्या, चांगल्या सात भोकांत खुंट्या ठोकल्यात आणि उजवी पट्टीही तीन बोटं पुढे आणलीत. दोन्ही बाजू मिळून चौदा नवी भोकं, सुट्टीच्या दिवशी, एकट्याने. म्हातारी अडखळत होती ती माझ्यामुळे, तुमच्यामुळे नाही. मला तुमचा इतका अभिमान वाटला की तिथल्या वॉचमनला धरून सांगावंसं वाटलं. आणि त्याच दमात रागही आला. सांगायला काय झालं होतं? नऊ वर्षं एका ताटात जेवलो आपण. हात भोकाचा नाही हे सांगितलंत, आणि त्या भोकांपायी तुम्ही काय केलंत ते नाही सांगितलंत. सांगितलं असतंत तर मी म्हटलं असतं, चला, पुढच्या रविवारी मी येते, मीच बुजवते. तुम्हाला तेच नको होतं का?

पण आता पेच असा की त्या डेकमध्ये जागाच उरली नव्हती. डावीकडे माझी सात बुजलेली, तुमची सात चालू. उजवीकडे तुमचीच चौदा. नवा ट्रॅक लांब, त्याला एकेका बाजूला चौदा बोल्ट. तो चार बोटं आत सरकवला तर कोरं लाकूड मिळत होतं, शिवाय होडी वाऱ्याच्या तोंडाला आणखी जवळून चालली असती. पण तेवढीच एक चिंचोळी पट्टी. आणखी एक चूक झाली तर ते डेक संपलं. तुमच्या हातचं शेवटचं डेक ते, आणि आता पुण्यात सागवानी डेक करणारा माणूस मला माहीत नाही. सेक्रेटरींची शेकोटी तयारच होती. दोन मिस्त्रींना फोन केले, दोघेही सोफा-कम-बेडवाले. शेवटी दिवाणाखालची पेटी मीच ओढली. अम्मीने बघितलं आणि या वेळी टोमणा मारला नाही.

माझ्याबरोबर होडीत दुसरी कोण असते ते सांगायला हवं. माझ्या टीममधलीच, अमरावतीकडची, तिशीची. पुण्यात आली तेव्हा पाण्याला घाबरायची, आता मला ओरडते. मी फळी केली, तुमच्यासारखीच एकच, दोन नाही. आत डेकखाली आडवी पडून, तोंडात टॉर्च धरून, तुळ्या कुठे आहेत ते मोजून घेतलं, कागदावर उतरवलं, फळीवर घेतलं. फळीच्या एका अंगावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "उजवी, पुढे" आणि बाण. दुसऱ्या अंगावर, "डावी, पुढे" आणि बाण. म्हणजे ती फिरवली तर बाण उलटा दिसेल आणि ओरडेल. माझा वेंधळेपणा मला माहीत आहे, त्याचा बंदोबस्त करायला मी शिकले आहे. सत्तावीस वर्षं लागली, पण शिकले. तरीही ड्रिल हातात घेतलं आणि उभी राहिले ती राहिलेच.

"काहून थांबल्या तुम्ही?"

"हे चुकलं तर डेक गेलं."

"अवो मग आधी खोक्यावर करा नं! टेस्टिंग केल्याशिवाय प्रॉडक्शनला टाकायचं नाही म्हणून आमच्यावर ओरडून राहता रोज, अन् आता स्वतः?"

तिचं खरं होतं. टीव्हीचं मोठं खोकं फाडून त्याचं डेक केलं, डावं-उजवं, तुळ्यांच्या रेघा मारल्या, फळी ठेवली, उलटली, अठ्ठावीस भोकं खोक्याला पाडली. एकही तुळईवर नाही. मग खऱ्या डेकवर उजवी बाजू. पहिल्या भोकातून जुन्या सागवानाचा वास आला, तुमच्या शर्टाला यायचा तो, आणि पुढची मी न थांबता पाडत गेले. चौदा झाली. मग फळी उचलली आणि उलटली. फिरवली नाही. मोठ्याने म्हटलं, "उलटली." ती म्हणाली, "बाप्पा, मी बी पाहूनच राहिली, चालू द्या." आणखी चौदा.

आणि आता जे सांगते ते तुम्हाला माहीत नव्हतं, इथे मी तुमच्या पुढे आहे, खुशाल नाक मुरडा. भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडायचं, ते एपॉक्सीच्या गोंदाने पूर्ण भरायचं, आठवडाभर कडक होऊ द्यायचं, आणि मग त्या भरावाच्या मध्यातून बोल्टपुरतं बारीक भोक घ्यायचं. म्हणजे उद्या बोल्टपाशी पाणी झिरपलं तरी ते लाकडाला शिवतच नाही. तुम्ही केलेल्याच्या आधीच्या डेकची भोकं काळी पडून कुजली म्हणून तुम्हाला ते नवं करावं लागलं होतं. हे कुजणार नाही. पुढच्या रविवारी मी वरून बोल्ट धरले आणि ती होडीच्या पोटात शिरून खालून पोलादी पट्ट्या, वायसर आणि नट लावत गेली. मध्येच आतून किंकाळी आली, "मॅडम, इथं झुरळ आहे जी!" मी म्हटलं, "नट आवळ, मग घाबर." आवळला. संध्याकाळी चारला दोन्ही ट्रॅक बसले, आणि मी टेपने मोजून बघितले तर दोन्ही बाजूंत केसाचाही फरक नव्हता.

परवाच्या रविवारी होडी पाण्यात घातली. तीननंतर सिंहगडाच्या बाजूने चांगला वारा आला, लाटांवर पांढऱ्या रेघा उठायला लागल्या, म्हणजे म्हातारी आडवी पडायची वेळ. मी बसल्या जागेवरून बारीक दोरी सोडली, गाडी सरकन मागे गेली, शिडाचं वरचं टोक जरासं उघडलं आणि होडी उठून उभी राहिली. वाऱ्याकडे वळवत गेले. तिन्ही दशा एकदम फडफडल्या. पुन्हा केलं, दुसऱ्या कुशीवर. पुन्हा तिन्ही एकदम. माझी अमरावतीकरीण इतक्या जोरात ओरडली की शेजारची फायबरची होडी वळून बघायला लागली, आणि तिचं बघून होईपर्यंत आम्ही तिच्या पुढे होतो. अब्बा, मला स्वतःचं इतकं कौतुक कधीच वाटलं नव्हतं. प्रमोशनला नाही, फ्लॅटच्या किल्ल्या मिळाल्या तेव्हा नाही. अख्ख्या धरणाला सांगत सुटावं, मी केलं, मी केलं, असं झालं होतं.

हे सगळं मी रजेच्या दिवशी घरी बसून लिहिते आहे. उद्या अम्मीला घेऊन कब्रस्तानात येणार आहे, पण तिथे हे वाचणार नाही, ती शेजारी असेल आणि तिला तो शेडमधला रविवार अजून माहीत नाही. कागद पेटीतही ठेवणार नाही. पाठवायची सोय नाही म्हणूनच इतकं लिहवलं. एक गोष्ट मात्र राहिली आहे, ती सांगायला इतकी पानं लागली.

परवा किनाऱ्याला लागलो तेव्हा मुंबईहून आलेले एक शिडाचे प्रशिक्षक तिथे उभे होते, क्लबाने बोलावलेले. केस पांढरे, बोलणं कमी. ते होडीत वाकले, ट्रॅकवरून पुढून मागेपर्यंत बोट फिरवलं, डेकखाली हात घालून नट चाचपले. मग म्हणाले, "हे कुणी बसवलं?" माझा पाठ तोंडाशी आलाच होता. सेक्रेटरीही तिथेच होते, त्यांनाही तो पाठ आहे. "मी," म्हटलं. ते म्हणाले, "फार चांगला हात आहे. कुणाकडे शिकलात?" तेव्हा तरी सांगायचं, अब्बा. सुतळी कुणाची, फळी कुणाची, भाकरीसारखी उलटायची हे कुणाच्या डेकवर कळलं. मी म्हटलं, "कुणाकडे नाही. करत करत आलं." खोटं बोलले. पण तेवढा एक रविवार मला माझ्या एकटीचा हवा होता.